जळके ऑइल जाते कुठे? कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व मा. सदस्य सचिव,
कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळ, बेंगळूर

प्रत : मंडळाचे बेळगाव येथील प्रादेशिक कार्यालय, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, मुंबई

विषय : बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातील गॅरेज व मशीनशॉपमधले वापरलेले तेल परवानाधारक री-रिफायनरीपर्यंत (वापरलेले तेल पुन्हा शुद्ध करणाऱ्या कारखान्यापर्यंत) पोहोचवण्याची व्यवस्था करणेबाबत.

महोदय,

कर्नाटकात खनिज तेलाची एकच रिफायनरी आहे, मंगळूरची. तिच्या सांडपाण्यात तेल किती चालेल हे केंद्र सरकारने मार्च २००८ च्या अधिसूचनेत ठरवून दिले आहे : लिटरला ५ मिलिग्रॅम. फेनॉल ०.३५, सल्फाइड ०.५, शिसे ०.१, बेन्झिन ०.१ मिलिग्रॅम. व्हॉल्व्ह, फ्लँज आणि पंपाचे सील यांतून वाफ निसटते का, हेही मोजायचे आणि मोजमाप ५००० पीपीएमच्या (दहा लाखांत ५००० भागांच्या) वर गेले की ती गळती धरून दुरुस्त करायची. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने १७ प्रकारच्या उद्योगांना सांडपाणी व धूर सतत मोजणारी ऑनलाइन यंत्रे बसवायला सांगितली, त्यांत रिफायनरी आहे. आमच्या जिल्ह्यातले साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्याही त्याच यादीत येतात. हा काटेकोरपणा योग्यच आहे. तो आमच्या भागातल्या तेलाच्या बॅरलपर्यंत यावा, म्हणून हे पत्र.

आधी एक हिशेब. एक लिटर इंजिन ऑइलचे वजन साधारण ८८० ग्रॅम. लिटरला ५ मिलिग्रॅम या मर्यादेत एवढे तेल सोडायचे, तर त्यासाठी १ लाख ७६ हजार लिटर सांडपाणी लागेल. म्हणजे एका मोटारसायकलचे ऑइल बदलून ते गटारीत ओतले, की रिफायनरीला पावणेदोन लाख लिटर पाण्यात जेवढे तेल सोडायची मुभा आहे तेवढे एका डब्यातून गेले. पाण्यावर एक मायक्रॉन जाडीचा थर धरला तर हेच एक लिटर १००० चौरस मीटरवर पसरते, जवळजवळ दहा गुंठे. बेळगाव शहरातल्या बऱ्याच गटारांचे पाणी बळ्ळारी नाल्याला मिळते आणि पावसाळ्यात नाला फुगला की तो शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या भातशिवारात शिरतो. वाफ्यात साचलेल्या पाण्यावर तेलाची साय धरली की हवेतला प्राणवायू पाण्यात उतरत नाही, आणि पाणी ओसरताना ती काळी चिकट रेघ रोपांच्या बुंध्याला बसते. त्या शेतकऱ्याने कुणाच्या नावाने तक्रार करायची?

आम्ही बेळगावजवळच्या उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखान्यांत आणि निपाणी-संकेश्वरच्या हायवेवरच्या गॅरेजांत मेंटेनन्स, स्टोअर्स आणि ऑइल टेस्टिंगची कामे करणारी माणसे आहोत. आमचे म्हणणे एकच आहे. कायदा रिफायनरी आणि री-रिफायनरीच्या दारात पहारा देतो, पण तेल त्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच वाटेत नाहीसे होते. पहारा बॅरलपाशी हवा.

नियम अपुरे आहेत असे आम्ही म्हणत नाही. घातक व इतर कचऱ्याबाबतचे २०१६ चे नियम वापरलेले तेल आणि टाकाऊ तेल यांत स्पष्ट फरक करतात. इंजिन, गिअर, हायड्रोलिक, टर्बाइन, कॉम्प्रेसर, ट्रान्सफॉर्मर यांतून निघालेले आणि पुन्हा शुद्ध करण्याजोगे ते वापरलेले तेल. त्यात शिसे १०० पीपीएम, आर्सेनिक ५ पीपीएम, कॅडमियम-क्रोमियम-निकेल मिळून ५०० पीपीएम आणि पीसीबी (जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात सापडणारे विषारी क्लोरीनयुक्त रसायन) २ पीपीएमच्या आत हवे. साठवणीची मुदत ९० दिवस, रोजची नोंद फॉर्म ३ मध्ये, वार्षिक विवरण फॉर्म ४ मध्ये ३० जूनपर्यंत. ज्यांना पाणी व हवा कायद्याखाली संमतीपत्र लागत नाही अशा छोट्या उद्योगांना २०१९ च्या दुरुस्तीने वेगळ्या परवान्यातून सूट दिली आहे, पण माल परवानाधारकालाच द्यायचा ही अट कायम ठेवून. आणि १ एप्रिल २०२४ पासून नवे वंगण तेल बाजारात आणणाऱ्या कंपन्यांवर वापरलेल्या तेलाची विस्तारित जबाबदारी, म्हणजे ते पुन्हा शुद्ध होईल हे पाहण्याची जबाबदारी, आली आहे. कागदावर साखळी पूर्ण आहे.

ती तुटते कुठे, ते साध्या भागाकाराने दिसते. एका मध्यम गॅरेजात २१० लिटरचे एक बॅरल भरायला साधारण दोन-तीन महिने लागतात, म्हणजे ९० दिवसांच्या मुदतीत एक बॅरल. परवानाधारक संकलक दहा हजार लिटरचा टँकर आणतो. टँकर भरायला ४८ बॅरल लागतात. एका बॅरलसाठी तो इतक्या लांब येणार नाही, आणि ४८ गॅरेजवाल्यांनी एकाच दिवशी बॅरल तयार ठेवावेत अशी सोय कुणी केलेली नाही. भंगारवाला मात्र टेम्पो घेऊन दारात येतो, रोख देतो, पावती मागत नाही आणि देतही नाही. कायदेशीर वाट अडचणीची आणि बेकायदा वाट सोपी असेल, तर माणूस कुठल्या वाटेने जाईल हे सांगायला नको.

पुढे या तेलाचे काय होते तेही सांगतो, कारण मंडळाच्या कुठल्याच नोंदवहीत ते सापडणार नाही. सगळ्यात मोठे गिऱ्हाईक बांधकाम. सेंटरिंगच्या प्लेटा काँक्रीटला चिकटू नयेत म्हणून त्यांना जळके ऑइल फासतात. वापरलेल्या इंजिन ऑइलमध्ये ज्वलनातून आलेली बहुचक्रीय सुगंधी हायड्रोकार्बन साचलेली असतात आणि त्यांतली काही कर्करोगकारक आहेत. प्लेटा पुसणाऱ्या गवंड्याच्या आणि बिगाऱ्याच्या हातांना ते दिवसभर लागते, आणि पहिल्या पावसात स्लॅबवरून धुऊन खाली उतरते. दुसरी वाट भट्ट्यांची. डिझेलमध्ये किंवा फर्नेस ऑइलमध्ये मिसळून ते जाळले जाते. सिमेंटच्या भट्टीत १२०० अंशांच्या वर तापमान असते आणि वायू आत रेंगाळतो, तिथे हे निभावते. छोट्या भट्टीत ते तापमान येत नाही. मग तेलातल्या अॅडिटिव्हचे जस्त व फॉस्फरस आणि बेअरिंगचे शिसे बारीक कणांच्या धुरातून बाहेर पडते. त्यात क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट मिसळलेले असेल तर हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ आणि डायॉक्सिनही. तिसरी वाट गाळून, रंग घालून, ब्रँडच्या रिकाम्या डब्यात भरून पुन्हा विकण्याची. असे ऑइल घातलेले इंजिन लवकर खोलावे लागते, तेव्हा नुकसान ट्रकवाल्याचे. चौथी वाट गटार.

आता बॅरलकडे येऊ, कारण तेल बिघडते ते तिथेच. री-रिफायनरीने परत पाठवलेला माल बहुधा इंजिनात खराब झालेला नसतो. तो गॅरेजच्या मागच्या भिंतीला टेकवलेल्या बॅरलमध्ये खराब झालेला असतो.

पहिले कारण पाणी. बॅरल उघड्यावर उभे ठेवले की वरच्या झाकणाच्या काठात पावसाचे पाणी साचते. काठ साधारण दोन सेंटीमीटर उंच असतो, म्हणजे पाच लिटर पाणी झाकणावर उभे राहते. दुपारी ऊन पडले की आतली हवा प्रसरण पावून बुचाच्या आट्यांतून बाहेर पडते. सर आली आणि पत्रा थंड झाला की आत पोकळी तयार होते आणि बॅरल तेच पाणी बुचातून आत ओढते. बूच घट्ट असले तरी वॉशर जुना असेल तर हे होतेच. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात चार महिने असे चालले की तळाशी पाण्याचा थर बसतो. उपाय फुकटचा आहे : बॅरल पत्र्याखाली ठेवायचे. छप्पर नसेल तर आडवे ठेवायचे, दोन्ही बुचे घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी येतील असे, म्हणजे ती आतून तेलाने झाकलेली राहतात आणि हवा खेचत नाहीत.

दुसरे कारण भेसळ, आणि ती बहुतेक अजाणतेपणी होते. पार्ट धुतलेले पेट्रोल-रॉकेल त्याच बॅरलमध्ये ओततात, त्याने तेलाचा ज्वलनांक उतरतो आणि कारखान्यात पाणी उडवायला तेल तापवले की आगीचा धोका उभा राहतो. ब्रेक क्लीनर किंवा डीग्रीझिंगचे क्लोरीनयुक्त सॉल्व्हंट ओततात, त्यातून तापवताना आम्ल सुटते आणि तेल वेगळे करणाऱ्या उभ्या टाकीच्या (कॉलमच्या) वरच्या भागाचे पोलाद खाल्ले जाते. ब्रेक ऑइल ओततात. ते खनिज तेल नाहीच, ग्लायकॉल आहे, त्याने फेस येतो आणि गरम नळ्यांवर चिकटा बसतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरचे तेल ओतले तर पीसीबीचा प्रश्न येतो. २ पीपीएमची मर्यादा इतकी कडक आहे की दूषित ट्रान्सफॉर्मरचे थोडे तेलसुद्धा अख्खा टँकर नाकारायला पुरते. पीसीबीचा वापर ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत पूर्ण थांबवण्याचा केंद्राचा आदेश २०१६ चा आहे, पण ट्रान्सफॉर्मर दुरुस्तीच्या छोट्या शेडमधले तेल कोण तपासतो?

उद्यमबागेसारख्या ठिकाणी याहून मोठा प्रश्न कूलंटचा आहे. सीएनसी (संगणकावर चालणारी यंत्रे) आणि लेथवरचे कटिंग ऑइल साधारण ५ ते ८ टक्के तीव्रतेने पाण्यात मिसळलेले असते. हजार लिटर जुन्या कूलंटमध्ये ५० ते ८० लिटर तेल, शिवाय जंतुनाशक आणि धातूचा बारीक कीस. हे इमल्शन (तेल-पाण्याचे एकजीव मिश्रण) वापरलेल्या तेलाच्या बॅरलमध्ये गेले की सगळे बॅरल दुधाळ होते आणि पाणी सुटतच नाही, कारण इमल्सिफायरचे कामच तेल-पाणी धरून ठेवण्याचे आहे. म्हणून कूलंटचे बॅरल वेगळे, कायम वेगळे. आणि ते कमी निघावे यासाठी मशीनवरच करण्यासारखे पुष्कळ आहे. मशीनच्या सरकत्या पट्ट्यांचे (स्लाइडवेचे) ऑइल गळून कूलंटवर तरंगते, त्याची साय हवा अडवते आणि खाली गंधकावर जगणारे जंतू वाढतात. साप्ताहिक सुट्टीनंतर मशीन सुरू करताना जो सडका वास येतो तो त्यांचाच. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी बेल्ट स्किमर (तरंगते तेल उचलणारा फिरता पट्टा) अर्धा तास चालवून ही साय काढली, रिफ्रॅक्टोमीटरने तीव्रता रोज पाहिली आणि पीएच ८.५ ते ९.२ मध्ये राखला, तर जे कूलंट दोन महिन्यांत फेकावे लागते ते कितीतरी जास्त चालते. स्किमरने काढलेले तेल मात्र पाणी निथळून वापरलेल्या तेलात टाकता येते. मंडळाच्या तपासणी अहवालात स्किमर आहे का, असा एक रकाना वाढवला तरी त्याचा उपयोग होईल.

आमची मुख्य मागणी संकलन केंद्राची आहे. गावच्या दूध डेअरीत फॅट लागल्याशिवाय किटलीतले दूध कॅनमध्ये ओतत नाहीत. वापरलेल्या तेलाचे असेच व्हायला हवे. आज नमुना घेतला जातो तो री-रिफायनरीच्या दारात, टँकरमधून. तोवर ४८ बॅरल एकमेकांत मिसळलेले असतात. एकाने बिघडवलेला माल सगळ्यांचा होतो, आणि कोणी बिघडवला ते कळायला मार्ग उरत नाही.

चाचणी बॅरलपाशी करायला प्रयोगशाळा लागत नाही. नमुना वरून डब्याने काढायचा नाही. पाणी तळाशी असते, वरचे तेल नेहमीच चांगले दिसते. मीटरभर लांब आणि दोन सेंटीमीटर आतल्या व्यासाची नळी वरचे तोंड उघडे ठेवून सावकाश तळापर्यंत सोडायची, मग वरचे तोंड अंगठ्याने दाबून बाहेर काढायची. साधारण पाव लिटर तेल येते, आणि ते वरपासून खालपर्यंतच्या सगळ्या थरांचे असते. बॅरल ढवळून मग नमुना घेऊ नये, थर मोडतात. नळी काचेची असेल तर तळातले पाणी डोळ्यांनाच दिसते. पेट्रोल पंपावर टाकीतले पाणी पाहायला डिपरॉडला जी वॉटर फाइंडिंग पेस्ट लावतात तीही इथे चालते. जिथवर पाणी तिथवर रंग बदलतो.

त्यानंतर १६० अंशांच्या आसपास तापवलेल्या प्लेटवर एक थेंब. नुसता पसरला तर पाणी नगण्य; बारीक बुडबुडे येऊन विरले तर हजारात एक भागाच्या आसपास; तडतडला तर त्याहून जास्त. गॅरेजचे तेल बहुतेक वेळा तडतडणारच, म्हणून ही चाचणी पाणी आहे की नाही एवढेच सांगते, किती ते सांगत नाही. त्यासाठी पारदर्शक बाटलीत नमुना २४ तास ठेवायचा आणि खाली सुटलेला थर मोजपट्टीने मोजायचा. थर सुटलाच नाही आणि तेल दुधाळ तपकिरी राहिले, तर त्यात कूलंट आहे, बॅरल बाजूला. क्लोरीनसाठी तांब्याची तार : ज्योतीत धरून रंग येणे थांबेपर्यंत तापवायची, गरम असतानाच तेलात बुडवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन असण्याचा संशय धरून नमुना प्रयोगशाळेत. ही चाचणी चुकून हिरवा दाखवू शकते, म्हणून तिच्यावर दंड ठोकू नये. बॅरल थांबवण्यापुरताच तिचा आधार घ्यावा. ज्योत आणि प्लेट दोन्ही बॅरलपासून निदान पन्नास फूट दूर हव्यात, डोळ्यांना गॉगल हवाच.

शेवटी प्रत्येक बॅरलचा अर्धा लिटर नमुना सीलबंद करून, त्यावर देणाऱ्याची सही घेऊन, री-रिफायनरीचा स्वीकार येईपर्यंत ठेवायचा. भेसळ करणारा यानेच सापडेल, आणि प्रामाणिक गॅरेजवाला यानेच वाचेल.

केंद्राला लागते तरी काय? दहा हजार लिटरच्या दोन टाक्या, एक घेण्याची आणि एक निथळण्याची, वजनकाटा, दोन मिलिमीटर जाळीची गाळणी, वर छप्पर. टाक्यांभोवती बंधारा, मोठ्या टाकीच्या ११० टक्के मापाचा. इथे एक चूक सर्रास होते. बंधाऱ्यातले पावसाचे पाणी सोडायचा व्हॉल्व्ह एकदा उघडला की तसाच राहतो, आणि टाकी फुटली की तेल बंधाऱ्यातून सरळ नाल्यात जाते. तो व्हॉल्व्ह कुलपात हवा आणि त्याची चावी-नोंद हवी. गॅरेजमधल्या छोट्या कट्ट्यातही मापाची चूक होते. चार बॅरलांच्या कट्ट्यात एका बॅरलच्या ११० टक्के, म्हणजे २३१ लिटर सांडणीची जागा हवी. चार बाय चार फुटांचा, सहा इंच कठड्याचा कट्टा कागदावर जवळजवळ पुरतो, पण उरलेली तीन बॅरल स्वतः जागा अडवतात हे कोणी वजा करत नाही. ती वजा केली की आतून पाच बाय पाच फूट आणि सहा इंच कठडा लागतो.

अशी केंद्रे उद्यमबाग किंवा मच्छे इथे एक, होनगा-काकती बाजूला एक आणि निपाणीत हायवेलगत एक, एवढी तरी हवीत. महिन्यातून ठरलेल्या दोन वारी गाडी फिरली तरी पुरे. पैसा मंडळाने घालावा असे आमचे म्हणणे नाही. तेल कंपन्यांवर विस्तारित जबाबदारी आलेलीच आहे आणि ती पार पाडल्याची प्रमाणपत्रे त्यांना री-रिफायनरीकडून हवी आहेत. प्रमाणपत्र मिळायला तेल हवे, आणि तेल आमच्याकडे पडून आहे. मंडळाने औद्योगिक वसाहतीत जागा आणि परवान्याची वाट मोकळी करून द्यावी. तोवर एक गोष्ट आजच करता येईल : वर्षाला दहा टनांपर्यंत माल निघणाऱ्या छोट्यांना ९० ऐवजी १८० दिवस साठवणीची मुदत देण्याचा अधिकार मंडळाला २०१६ च्याच नियमांत आहे. वर्षाला चार बॅरल म्हणजे पाऊण टनसुद्धा नव्हे. छप्पर, कट्टा आणि वेगळे बॅरल या तीन अटींवर ही मुदत सरसकट द्यावी.

री-रिफायनरीच्या तपासणीबद्दलही थोडे. कारखान्यात तेल आधी गाळून निथळतात, मग १२० ते १५० अंशांवर पाणी आणि हलके अंश उडवतात, नंतर निर्वातात डिझेलसारखा भाग काढतात आणि शेवटी थिन फिल्म इव्हॅपोरेटरमध्ये, कमी दाबाखाली तीनशे अंशांच्या वर, बेस ऑइल (वंगण बनवायचे मूळ तेल) उकळून वेगळे करतात. त्यावर माती किंवा हायड्रोजनची प्रक्रिया. दहा हजार लिटर मालातून साधारणपणे सहा ते सात हजार लिटर बेस ऑइल, पाणी व हलके अंश मिळून पाचशे ते हजार, तितकाच डिझेलचा भाग, आणि बाराशे ते दोन हजार लिटर डांबरासारखा गाळ निघतो. तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने चिमणीकडे पाहण्याआधी हा ताळेबंद पाहावा. गाळ आणि तेलकट माती हा त्याच नियमांच्या अनुसूची १ मधील क्रमांक ४ खालचा घातक कचरा आहे, तो कुठेतरी गेल्याची नोंद असलीच पाहिजे. माल हजारो लिटर घेतला आणि गाळ शून्य, याचा अर्थ तेल शुद्ध न होताच भट्टीला विकले गेले. विजेचे बिल आणि थर्मिक हीटरच्या इंधनाची खरेदीही मालाच्या प्रमाणात हवी. आणि निर्वात ऊर्ध्वपातनाचा परवाना असलेल्या ठिकाणी सल्फ्युरिक आम्लाची मोठी खरेदी दिसली, तर आत जुनी आम्ल-मातीची पद्धत चालू असण्याची दाट शक्यता आहे. तिच्यातून निघणारा काळा आम्लगाळ जमिनीत पुरला की विहिरी कायमच्या जातात. कागद तपासायला एक दिवस लागतो, आणि धूर मोजण्यापेक्षा त्यातून जास्त कळते.

गॅरेज-कारखान्यांनाही हाच न्याय लावावा. नव्या ऑइलची खरेदी बिलांत असते. इंजिन ऑइलपैकी काही जळते, काही गळते, तरी निम्म्याहून जास्त परत निघायला हवे. फॉर्म ४ मध्ये त्याच्या जवळपासही आकडा नसेल तर विचारणा करावी. आमच्यापैकी काहींना हे अडचणीचे जाईल, तरी आम्ही ते मागतो आहोत.

सीमाभागाचा एक वेगळा घोळ आहे. निपाणीच्या गॅरेजवाल्याला कागल जवळ आणि बेंगळूर पाचशे किलोमीटरहून लांब. परवानाधारक खरेदीदार सीमेपलीकडे असेल तर माल तिकडे जाणे साहजिक आहे. २०१६ च्या नियमांतला नियम १८ यात फरक करतो : माल कायमच्या विल्हेवाटीसाठी दुसऱ्या राज्यात जात असेल तर दोन्ही मंडळांचे ना-हरकत पत्र लागते, पुनर्वापरासाठी जात असेल तर दोन्ही मंडळांना आधी कळवणे पुरते. रस्त्यात गाडी थांबवणाऱ्याला हा फरक ठाऊक नसेल तर तो ना-हरकत मागतो, गाडी अडकते, आणि पुढच्या वेळी तोच माल भंगारवाल्याच्या टेम्पोतून बिनबोभाट जातो. दोन्ही मंडळांनी मिळून एक पानाचे परिपत्रक काढावे, नियम १८ चा हा भाग त्यात उतरवावा आणि गाडीत ठेवायला द्यावे.

फॉर्म १० च्या, म्हणजे मालासोबत जाणाऱ्या वाहतूक-पत्रकाच्या, सात रंगांच्या प्रती आहेत. पाठवणाऱ्याकडे पिवळी राहते, पांढरी त्याच्या मंडळाला जाते, घेणाऱ्याकडे गुलाबी, वाहतूकदाराकडे नारिंगी, हिरवी घेणाऱ्याकडून मंडळाला, निळी परत पाठवणाऱ्याला. सातवी, करडी, खास आमच्यासारख्यांसाठी आहे : माल दुसऱ्या राज्यातून आला असेल तर घेणाऱ्याने ती पाठवणाऱ्याच्या राज्याच्या मंडळाला द्यायची. व्यवहार कागदावर असो की ऑनलाइन, पांढरी आणि करडी यांची जुळणी दर महिन्याला झाली तर सीमेवर हरवलेले बॅरल त्याच महिन्यात सापडेल. जी पांढरी गेली आणि जिची करडी आली नाही, तिथे माणूस पाठवावा.

शेवटची मागणी लेबलची. फॉर्म ८ प्रमाणे बॅरलवरचे लेबल चकाकत्या पिवळ्या रंगाचे, पाण्याने न धुपणारे हवे, आणि धोक्याची सूचना लाल अक्षरांत हिंदी, इंग्रजी व स्थानिक भाषेत हवी. बेळगाव, खानापूर आणि निपाणी भागात बॅरल हलवणाऱ्या पुष्कळशा कामगारांची वाचायची भाषा मराठी आहे, पुष्कळांची कन्नड आहे. इथल्या लेबलवर दोन्ही असाव्यात. यात सीमाप्रश्न आणू नये. कूलंट कुठल्या बॅरलमध्ये ओतायचे नाही हे ओतणाऱ्याला वाचता यावे, एवढेच आहे. तक्रार आणि अर्ज राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम ३५० ने दिला आहे, त्याच आधाराने हे पत्र मराठीत आहे. कन्नड भाषांतर सोबत जोडले आहे.

चार बॅरलांच्या लेबलांचा मराठी-कन्नड-हिंदी-इंग्रजी मसुदा आम्ही तयार केला आहे : इंजिन-गिअर-हायड्रोलिकसाठी एक, कूलंटसाठी एक, सॉल्व्हंट व ब्रेक ऑइलसाठी एक आणि ट्रान्सफॉर्मरसाठी एक. शेवटच्या दोन लेबलांवर ‘यात दुसरे काही मिसळू नका’ हे वाक्य सगळ्यात मोठ्या अक्षरांत आहे. बेळगाव कार्यालयाने तो तपासून मंजूर करावा. छपाई आणि वाटप आम्ही आमच्या खर्चाने करू, आणि पावसाळ्याआधी बॅरल छपराखाली हलवायच्या कामाला त्याच आठवड्यात सुरुवात करू.

कळावे,

आपले,
उद्यमबाग, मच्छे, होनगा, संकेश्वर व निपाणी परिसरातील मेंटेनन्स, गॅरेज आणि ऑइल टेस्टिंगमध्ये काम करणारे